नाही मॅडम

रामदासपेठेतल्या आमच्या रुग्णालयात डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'नाही मॅडम' म्हणत. काहीही मागा, पहिला शब्द 'नाही'. मग चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारत, "आता सांग, काहून पायजे?" कारण पटलं तर काम लगेच. नाही पटलं, तर वरून फोन आला तरी व्हायचं नाही.

त्या खाप्याच्या, रोज गावाहून बसनं यायच्या. मी त्यांच्या हाताखाली इंजिनियर. सर्व्हर मंद झाला की बाकीचे मेमरी वाढवा म्हणत. मॅडम आधी डिस्क बघत. "डोकं तेज आहे गा, पण हात एकच. तो लिहीन का वाचीन?"

नवा सर्व्हर आला तेव्हा खरी ठिणगी पडली. पुरवठादारानं सगळ्या डिस्क मिळून एकच मोठा साठा केला होता. रुग्णांच्या नोंदी, प्रत्येक बदल आधी टिपणारा लॉग, रोजचा बॅकअप, सगळं त्यातच. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या. मॅडमनी मंजुरी नाकारली.

संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "चाचणीत तर मस्त चाललं, मॅडम!"

"चाचणीत एकच माणूस बसला होता, सर. ओपीडी उघडली का सगळ्या खिडक्या एकदम लिहितात. लॉग वेगळ्या डिस्कवर नसंल तर सगळे एकमेकाईची वाट पाहत बसतीन. अन् तो साठाच गेला तर बॅकअपही त्याच्यासंगं जाईन. मंग कोणाले कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे कोणाले विचारसान?"

"म्हणजे उद्घाटन पुढं ढकलायचं?"

"हो."

"मी दुसऱ्याकडून करून घेईन."

"आधी मले काढा, मंग घ्या."

संचालक माझ्याकडे वळले. "तुम्ही देता मंजुरी?" माझी नोकरी नवी होती, घरी लग्नाची बोलणी चालू होती. "नाही, सर," मी म्हणालो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

उद्घाटन लांबलं. आम्ही सर्व्हर नव्यानं मांडला: लॉगला स्वतंत्र डिस्कची जोडी, एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवर; नोंदींना वेगळ्या डिस्क; बॅकअप पलीकडच्या इमारतीत. मग मॅडमनी प्रत्येक खिडकीवरच्या माणसाला एकाच वेळी खोट्या नोंदी भरायला लावल्या. तेवढं झाल्यावरच मंजुरी दिली.

आणि काहीच झालं नाही. सर्व्हर अडला नाही, रांग थांबली नाही. काही घडलंच नाही म्हणून कोणी आभारही मानले नाहीत. 'बाईंनी उगाच उशीर केला,' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पुढं त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. माझं वाढलं; त्याचा आनंद मला आजही नीट होत नाही.

निरोपाला संत्रा बर्फी आणली होती. संचालक गोड बोलले आणि शेवटी हसून म्हणाले, "झालं गेलं मनात ठेवू नका, मॅडम."

"ठेवीन ना, सर. काहून नाही ठेवणार?"

मॅडमनी बर्फीचा तुकडा शांतपणे संपवला, पर्स उचलली आणि जिना उतरल्या. खाली ओपीडी भरलेली होती. सरकत्या रांगेतून "जरा जाऊ द्या" म्हणत वाट काढत त्या खाप्याच्या बसकडे निघून गेल्या.