ओढणी कोणासाठी?

"एक मिनिट हं, विचारून घेते," असं ती म्हणायची आणि दोन बोटांनी खांद्यावरची ओढणी उचलून डोक्यावर घ्यायची. डोळे मिटायचे, ओठ हलायचे. मग ओढणी पुन्हा खांद्यावर. "हं, बोला ताई." गॅसवाला दारात ताटकळत असो नाहीतर ताटातला भात निवत असो, तिचं ते एक मिनिट कोणाच्या बापाला चुकलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, विचारायची कोणाला? देवाला. आणि आपल्यासारखं नाही, की आधी करून मोकळं व्हायचं आणि अंगाशी आलं की नारळ फोडायचा. ती आधी विचारायची.

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. तिशीतली, एकटी. एका पॅथॉलॉजीत कामाला होती, म्हणजे सकाळी लोकांच्या घरी जाऊन उपाशीपोटी त्यांचं रक्त काढून आणायची. खोली बघायला आली तेव्हा चपला काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, आमी ख्रिस्ती आहो. आधीच सांगतलेलं बरं, नंतर कटकट नको." मी म्हटलं, "अवं, नळ एक दिवसाआड येते, खरी कटकट ते आहे." आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं, बाबांना सांगायची काय घाई? आमच्या घरात कोणतीही गोष्ट माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, सांगायची घाई कधीच नसते.

ख्रिस्ती बाई म्हणजे इंग्रजी, फ्रॉक आणि केक, असं ज्यांचं पक्कं मत आहे त्यांची ही पार निराशा करायची. मूळची आर्वीची. "मले भाकर अन् ठेचा असला का काई नाई लागत," म्हणायची. कुंकू तेवढं नव्हतं. पण आजकाल ते आमच्या आळीतही सणावारालाच दिसतं.

तुम्ही उन्हाळ्यात कधी वर्ध्याला आला असाल तर पाहिलंच असेल. एप्रिल लागला की गाडीवरची एकही पोरगी ओळखू येत नाही. डोकं, कान, नाक सगळं ओढणीत गुंडाळलेलं, वर गॉगल. सख्खी बहीण बाजूनं गेली तरी पत्ता लागत नाही. त्याला कोणी काही म्हणत नाही. उन्हासाठी डोकं झाकलं तर बाई शहाणी, सासऱ्यासाठी झाकलं तर संस्कारी. देवासाठी झाकलं की मग मात्र चौकशी बसते.

आमचे मामाजी संस्कारी पक्षाचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्यासमोर डोक्यावर पदर म्हणजे पदर. वरण वाढताना तो वरणात, चहा गाळताना चहात. पोस्टात काउंटरवर नोकरीला लागले तेव्हा एका सकाळी मी तो खांद्यावर ठेवला, तो कायमचा. मामाजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. चहा हवा असला की भिंतीला सांगायचे, "त्या लोकाइले म्हणा, चहा पाह्यजे." भिंत काही चहा करत नाही, म्हणून हळूहळू बोलायला लागले. टोमणे मात्र सुटले नाहीत.

अशा घरात ही आली. मामाजी सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. ही रक्ताच्या नळ्यांची पेटी घेऊन मागून यायची, पायरीसमोर लावलेल्या आपल्या स्कूटीजवळ उभी राहायची आणि कामावर निघायच्या आधीचं एक मिनिट तिथंच घ्यायची. ओढणी डोक्यावर, मान खाली, डोळे बंद. आणि समोर कोण? खुर्चीत मामाजी!

झालं. मामाजींना वाटलं, पोरगी आपल्याला मान देते. त्यांनी पेपर खाली ठेवला, उजवा हात वर केला, "सुखी राह्य बेटा." तिनं डोळे उघडले, हात पाहिला, हसली. "येते बाबा," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजचंच झालं.

"पाह्य," मामाजी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "भाड्यानं राह्यते, पण डोक्यावर घेते. नाईतर आमच्या घरी पोस्टमास्तर आहे." मी पोस्टमास्तर नाही हो, पण मामाजींनी रागाच्या भरात मला बढती देऊन टाकली होती.

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण सांगू कशाला? म्हाताऱ्याला हवा तो मान रोज सकाळी आयता मिळत होता, तो मला द्यावा लागत नव्हता आणि टोमणे निम्म्यावर आले होते. इतका सोयीचा गैरसमज कोणी दूर करतं का?

तिच्याशी मात्र मी एकदा भांडले. हिवाळ्यात आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "अवं, मी इतकी वर्षं भांडून तो पदर खाली आणला, अन् तू हौशीनं डोक्यावर घेते? तुह्या चर्चमधल्या साऱ्या बाया घेतात काय?"

"नाई. थोड्याशा घेतात. पास्टरसाहेब म्हणतात, सक्ती नाई. आई तं म्हणते, तू म्हातारी दिसते."

"मंग काऊन घेते?"

"सक्ती असती तं घेतलीच नसती, ताई." शेंगेतले दाणे टोपल्यात टाकत ती म्हणाली, "प्रार्थनेत बाईनं डोकं झाकावं असं बायबलात वाचलं, मले पटलं, म्हणून घेते. तुमाले माणसासमोर घ्या म्हणत होते. माणसासमोर मी घेत नाई. डॉक्टरसमोर नाई, पॅथॉलॉजीच्या मालकासमोर नाई. फक्त त्याच्यासमोर घेते."

यावर चिडायची माझी फार इच्छा होती, पण जमलं नाही. शेंगा तेवढ्या रागारागानं सोलल्या.

माझी दुसरी चीड म्हणजे तिची स्कूटी. मागे तिच्या खोलीला लागून कडुनिंबाची गार सावली. ती सोडून ही बया गाडी लावणार भर उन्हात, बरोबर आमच्या पायरीसमोर. येता-जाता आरसा माझ्या साडीत अडकायचा, खाली तेलाचे थेंब पडायचे. "मागं सावली आहे ना बाई!" असं मी कितीदा सांगितलं. "राहू द्या ताई, इथंच बरी आहे." एवढी समजदार बाई, पण गाडीपुरती अक्कल गहाण टाकलेली.

देवरावकाका हे मामाजींचे दोस्त, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पेपर आमचा, वाचणार ते. साखर तपासायला त्यांचं रक्त हीच काढायची, आणि सुई टोचायच्या आधी तिचं ते एक मिनिट आलंच. देवरावकाका ओरडायचे, "बाई, रक्तच काढून राह्यली ना? जीव तं नाई काढत?"

तर एकदा मामाजी भाचीच्या लग्नाला आर्वीला गेले आणि देवरावकाका सवयीनं पेपरसाठी आले. मामाजी परत आल्यावर त्यांनी चहा यायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

"तुह्यी भाडेकरीण खुर्चीले नमस्कार करते बे!"

"काय?"

"तू नव्हता. खुर्ची रिकामी. तरी तिनं ओढणी घेतली, मुंडी खाली केली, डोये मिटले. मी इथं पायरीवर बसून होतो, माह्याकडे पाह्यलं बी नाई!"

मामाजींनी आमच्या ह्यांना समोर उभं केलं आणि ह्यांनी एका दमात सगळं ओकलं. ती ख्रिस्ती आहे, ती प्रार्थना करते, ओढणी प्रार्थनेसाठी असते.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. समोरच्या वहिनीनं मागच्याच महिन्यात तिच्यासाठी आपल्या मावसभावाचं स्थळ आणलं होतं, "अशी डोक्यावर घेणारी पोरगी आता भेटत नाई" म्हणून. तीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मले तं पहिल्यापासूनच शंका होती." कपडा तोच, डोकं तेच, फक्त वरचा पत्ता बदलला होता. आता म्हणे ही आळीतल्या लोकांना बाटवणार. कशी ते कोणी सांगेना. बहुतेक रक्ताच्या नळीतून. खोली खाली करून घ्या, असा सगळ्यांनी मिळून सल्ला दिला. सल्ल्याच्या बाबतीत आमची आळी फार उदार आहे.

मामाजींना बाटण्याची भीती नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. रोज सकाळी मिळालेला तो मान आपला नव्हताच, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "उद्या सकाळी मी सोता इचारतो. माह्यासाठी होती असं ते म्हणन तं ते इथंच राहीन. नाईतर खोली खाली."

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल, पण तिच्यासाठी नव्हतं. आमच्या आधी तिनं अर्धं वर्धा पालथं घातलं होतं. एकट्या बाईला खोली नाही, ख्रिस्त्याला खोली नाही. एकटी ख्रिस्ती बाई म्हटल्यावर तर दारच उघडत नव्हतं. खोली गेली की आर्वीहून एसटीनं यायचं, आणि तोवर उपाशी लोक चहा पिऊन बसणार. म्हणजे नोकरी गेली. तिच्या पगारावर आर्वीत म्हातारी आई जगत होती.

मी त्याच संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. "हाव म्हणून टाक," म्हटलं. "एक शब्द. थोडी देवासाठी, थोडी बाबासाठी, असं म्हण. म्हाताऱ्याचं मन राहीन अन् तुह्यी खोली बी राहीन."

"एक मिनिट हं, विचारून घेते."

ते मिनिट जरा लांबलं. मला आशा वाटायला लागली.

"नाई जमणार, ताई."

"देवानं नाई म्हटलं का तूच?"

"त्यानं काई म्हटलं नाई. पण जे एकट्या त्याचं आहे, ते खोलीसाठी दुसऱ्याले कसं देऊ?"

मला तिचा इतका राग आला आणि तिची इतकी काळजी वाटली, की तिनं ठेवलेला चहा तसाच टाकून मी घरी आले.

सकाळी, एरवी आठपर्यंत न उठणाऱ्या बायका अंगण झाडत होत्या. झाडलेलं पुन्हा झाडत होत्या. देवरावकाका पायरीवर होतेच. ती पेटी घेऊन आली. मामाजी म्हणाले, "बेटा, खरं सांगजो. ते ओढणी माह्यासाठी होती का नाई?"

"नाई बाबा."

"मंग मी रोज हात वर करून राह्यलो, तो कोणाले?"

"मले, बाबा."

एवढ्यावर ती थांबली नाही. "ओढणी देवासाठी होती. तुमच्यासाठी होती असं म्हटलं तं खोटं होईन. पण डोये उघडले का पहिले तुमचा हात दिसे. माहा बाप मी लहान होती तेव्हाच गेला. असा हात माह्यासाठी कोणी वर केला नवता. म्हणून तं गाडी कधी सावलीत नाई लावली, बाबा. इथं लावली का तुमचा हात भेटे."

मी दारात उभी होते. तो साडीत अडकणारा आरसा, ते तेलाचे थेंब, ती उन्हात तापलेली सीट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आता ते लपवून काय करायचं? समोरच्या वहिनीचा झाडूसुद्धा थांबला होता.

मामाजींनी पेपरची घडी घातली, उलगडली. "राह्य मंग," म्हणाले. "पण मी आता हात वर करणार नाई. मले का दुसरं काम नाई?"

आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीशी त्यांचं जुनं जमतं. ती रोज यायची, ओढणी घ्यायची, डोळे उघडायची, तर समोर खुर्चीची पाठ आणि मामाजींचं टक्कल. "येते बाबा," ती टकलाला सांगायची. टक्कल काही बोलायचं नाही. गाडी मात्र उन्हातच. मी आता तिला काही म्हणत नव्हते.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी खुर्चीच्या पाठीवरून हात वर आला. तोंड भिंतीकडेच, आवाज नाही, नुसता हात. ती चावी हातात धरून बघतच राहिली, कितीतरी वेळ तिला गाडी सुरू करायचं सुचेना. पुढे खुर्ची सरळ कधी झाली, ते कोणी विचारलं नाही आणि मामाजींनी सांगितलं नाही. बाटायला घाबरणाऱ्या वहिनीनंही थायरॉइडच्या तपासणीला तिलाच बोलावलं. तिची सुई दुखत नाही म्हणे.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या आईनं अंथरूण धरलं, तेव्हा ती आर्वीतच काम शोधून निघून गेली. निघताना स्कूटीजवळ उभी राहिली, ओढणी घेतली. त्या दिवशीचं मिनिट काही केल्या संपेना. मामाजींचा हात भरून आला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून वर ठेवला.

खोली अजून रिकामी आहे. रंग द्यायचा आहे, असं मामाजी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. रंग कधीच देऊन झाला. मला ती पोरगी फार आठवते. मी काही डोक्यावर पदर घ्यायला लागले नाही, तशी आशाही कोणी करू नये; पण एखाद्या गोष्टीवर तोंड उघडायच्या आधी मी हल्ली क्वचित एक मिनिट थांबते. घरच्यांना ती तब्येतीची तक्रार वाटते.

परवा सकाळी मी चहा घेऊन व्हरांड्यात आले. मामाजी खुर्चीत होते, उजवा हात वर. समोर कोणी नव्हतं. पायरीपुढे तिच्या गाडीच्या तेलाचा डाग होता, बस.

"कोणाले हात दाखवून राह्यला बे?" देवरावकाका पेपरातून डोकं काढून म्हणाले. "तिथं तं कोणीच नाई."

मामाजींनी हात खाली घेतला नाही.

"मंग ते पोरगी काय खुर्चीले मुंडी खाली करे?"