आक्कांची खालची खोली

एकवीस वर्षं आक्का बाजारातल्या भाड्याच्या गाळ्यात पुस्तकांची बांधणी करत होत्या. मग धाकट्या भावानं गळ घातली, "आक्का, किती दिवस लोकांच्या दारात बसणार? माझी खालची खोली घे. हात चालतील तोवर ती तुझी."

आक्कांनी गाळा सोडला. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा चौघांनी घाम गाळत आत आणला. चार वर्षं बरी गेली. आणि परवा भाऊ म्हणतो, "महिनाअखेर खोली लागेल. जावयाला दवाखाना थाटायचाय."

गाळ्यात तर केव्हाच झेरॉक्सवाला बसलेला. आक्का उठल्या नि तडक ओळखीच्या वकीलणबाईंकडे गेल्या.

"शब्द दिला होता ना त्यानं?" आक्कांनी विचारलं.

"दिला होता. पण कायदा विचारतो, बोलताना हा शब्द कोर्टात टिकावा असं दोघांना अभिप्रेत होतं का? व्यापाऱ्यांमध्ये असतं असं धरून चालतात. घरच्यांमध्ये नसतं असं धरतात. असलं, तर ते आपण दाखवायचं."

"म्हणजे परक्याचा शब्द काळ्या दगडावरची रेघ, आणि सख्ख्याचा पाण्यावरची?"

"अगदी तसं नाही..."

"मग कसं?"

वकीलणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "चालता धंदा हलवलात, हे आपल्या बाजूचं. लेखी काही आहे?"

"कागद करू म्हणाला होता तो. मीच उखडले. भावाबहिणीत कसले रे कागद, म्हटलं!"

"कागद करू म्हणाला?" बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे तो गंभीर होता! पण तुम्ही नको म्हणालात, म्हणजे तुम्हालाच ते कोर्टापर्यंत न्यायचं नव्हतं, असंही निघतं."

तेव्हा आपल्या मनात काय होतं, हे आक्का वाटभर आठवत राहिल्या. शिकंजा दारातून आत जाईल ना, एवढीच धाकधूक आठवली. कोर्ट कुठेच नव्हतं. पण चार वर्षांत उठवणार हे ठाऊक असतं, तर गाळा सोडला असता थोडाच? हे कुठल्या खात्यात धरायचं?

घरी भाऊ टेप घेऊन भिंत मोजत होता.

"काय रे, तेव्हा मनापासून बोलला होतास ना?"

"म्हणजे काय आक्का! अगदी मनापासून."

"कोर्टात सांगशील असं?"

टेप सर्रकन आत गेली. "कोर्टाचा काय संबंध? घरातलं बोलणं ते!"

आक्कांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या.

"मापं राहू देत. तू आत्ता कायद्याच्या हिशेबानं हो म्हणालास की नाही, ते बाईंना विचारून येते."