माझ्या ऑपरेशनला माझी सही

आमच्या घरात ऑपरेशनच्या कागदावर सही करायची ती मी. चौथीनंतर शाळा सुटली, वाचायला अजूनही वेळ लागतो, पण सही अशी करायचो की बँकेतला साहेब मान वर करून बघायचा. धाकट्या भावाचं अपेंडिक्स, आईचा मोतीबिंदू, बायकोची गर्भाची पिशवी, सगळ्यांच्या कागदावर खाली माझी सही. पुढं रकाना असतो, रुग्णाशी नातं. तिथं कधी भाऊ लिहिलं, कधी मुलगा, कधी पती. आजारी माणूस बाहेर बाकावर बसायचा आणि डॉक्टर मला आत घ्यायचे. काय झालंय ते मी ऐकायचो, सही ठोकायचो आणि बाहेर येऊन सांगायचो, काय नाय, बारीकसं हाय. ही आपल्याकडची रीत. मला ती कधी खटकली नाही, कारण आत मी असायचो.

गेल्या वर्षी नाशिकच्या एका दवाखान्यात पहिल्यांदा मी बाकावर होतो.

लघवीतून रक्त गेलं होतं. आधी सोनोग्राफी झाली, मग सिटी स्कॅन. रिपोर्ट घेऊन आम्ही गेलो, मी, माझी बायको आणि पोरगा. फाईल पोराच्या काखेत. नर्स दारात आली आणि म्हणाली, "नातेवाईक कोण आहे? आत या. आजोबा, तुम्ही बसा निवांत."

पोरगा उठला. मीपण उठलो.

"बाबा, तुम्ही बसा. मी ऐकून येतो."

"काय ऐकून येतो?"

"रिपोर्ट."

"कोणाचा?"

त्यानं फाईल दुसऱ्या काखेत घेतली. खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवायला बघत होता. बायकोनं माझ्या सदऱ्याची कड ओढली. पण मी बसणार नव्हतो. का नव्हतो, ते सांगायचं तर आधी माझ्या लेकीची गोष्ट सांगावी लागते.

लेक लग्न झाल्यापासून हॉलंडला असते. ती आणि जावई दोघं नोकरी करतात. तसं बघितलं तर माझी द्राक्षं तिच्याही आधी तिकडं पोचली होती. वणीच्या रस्त्याला आमची बाग आहे, चांगला माल युरोपात जातो. तर या लेकीचा खुब्याचा सांधा झिजला. चालताना एका बाजूला कलायला लागली. तिथल्या दवाखान्यानं सांगितलं, सांधा बदलावा लागेल, पण नंबर लागायला बरेच महिने जातील. तोवर गोळ्या खा.

मी फोनवर म्हणालो, "इकडं निघून ये. नाशकात आपल्या ओळखीचा डॉक्टर हाय. आई उशाशी बसंल, मी सही करतो. पंधरवड्यात मोकळी होशील."

"बाबा, मी बेल्जियमला करून घेणार आहे. शेजारचाच देश. मी जाणार त्या भागात भाषा पण तीच बोलतात."

"राहायचं हॉलंडला आणि कापून घ्यायचं बेल्जियमला. पैसे कोण देणार?"

"माझा इथला विमा. इथं केलं असतं तर जेवढे दिले असते तेवढे. वर लागले तर आपले. फक्त आधी विचारून घ्यावं लागतं. ते मी घेतलंय."

"आणि ते का देतील?"

"हक्क आहे म्हणून. या सगळ्या देशांनी मिळून तसा कायदा केलाय. आजारी माणूस हद्द ओलांडून दुसऱ्या देशात उपचाराला जाऊ शकतो."

हक्क हा शब्द मी पाटाच्या पाण्याच्या पाळीला ऐकला होता, बांधावरच्या आंब्याला ऐकला होता. खुब्याला कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, हे मला पटत नाय. तर ती म्हणाली, "तुमची पेटी इथं रॉटरडॅमच्या बंदरात उतरते की नाही? तिथून बेल्जियमला जाते. तिथला दुकानदार परत काही तपासायला बसतो का? पेटीवरच्या नंबरावरून त्याला कळतं, बाग कोणाची, फवारणी कसली, मण्यात औषध किती उरलं त्या रेसिड्यूचा रिपोर्ट काय. माझ्या फायलीचंही तसंच. इथल्या दवाखान्यानं सगळ्याची नक्कल काढून माझ्या हातात दिलीय. ती घेऊन मी तिकडं जाणार."

द्राक्षाचं म्हटल्यावर ते डोक्यात शिरलं. तरी हरायचं नाही म्हणून मी म्हणालो, "पेटीला कोणी विचारत नाय, बाई तुझं काय मत हाय."

ती हसली. "तेवढाच फरक आहे, बाबा. मला विचारतात."

मी म्हणालो, बघतोच कोण विचारतं ते. आणि आम्ही नवरा-बायको विमानात बसलो.

बेल्जियमला मोटारीतून निघालो तेव्हा मी खिडकीला डोळे लावून बसलो होतो. पेठच्या पुढं गुजरात लागतो तिथं निदान चौकी दिसते, ट्रक थांबलेले दिसतात. इथं म्हटलं पोलीस असतील, कागद बघतील. बराच वेळ कोणी आलं नाही.

"हद्द कधी लागायची?" मी जावयाला विचारलं.

"गेली की मामा. ती निळी पाटी बघितली ना मघाशी, तीच."

दवाखान्यात डॉक्टरीण होती, माझ्या लेकीपेक्षाही लहान वाटणारी. लेक, जावई आणि मी आत गेलो, बायको बाहेर बसली. मी सवयीनं टेबलाजवळच्या खुर्चीत बसलो. डॉक्टरीण लेकीला काहीतरी बोलली आणि थांबली. लेक माझ्याकडं बघून जरा ओशाळली.

"काय म्हणते?"

"विचारतेय, तुम्ही दोघं आत असलेले चालतील का, की बाहेर थांबायला सांगू."

"तिला सांग, मी बाप हाय."

"ते तिला माहीत आहे, बाबा. तुम्ही चालाल का ते मी सांगायचंय."

मला राग आला. नाशिकपासून एवढ्या लांब मी काय खिडकीतून बघायला आलो होतो का? जावई पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत होता, त्याला हसू आवरत नव्हतं. लेक म्हणाली, "बसा. पण मध्ये बोलू नका." आणि मला उठवून टेबलाजवळच्या खुर्चीत ती बसली.

त्या बाईनं आमच्याकडं पुन्हा मान वळवली नाही. आपल्याकडं जावई जवळ असला की डॉक्टरची खुर्ची आपोआप त्याच्याकडं फिरते. इथं सगळं बोलणं लेकीशी. सांध्याचं प्लास्टिकचं मॉडेल लेकीच्या हातात, फोटो लेकीच्या पुढं. आणि माझी लेक विचारत होती. प्रत्येक गोष्ट ती मला मराठीत थोडक्यात सांगायची. असं ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता. पाय आखूड झाला तर. नाहीच केलं तर किती वर्षं निभेल. हॉलंडला परत गेल्यावर जखम कोण बघणार. बाईनं एकाही प्रश्नाला कपाळावर आठी आणली नाही. एका प्रश्नाला तर म्हणाली, ते मला नक्की सांगता येणार नाही.

मी मध्ये बोललो नाही. बोलायला काही राहिलंच नव्हतं. ही पोर शाळेत असताना बागेत माल बघायला व्यापारी यायचे. घड हातात धरून नाक मुरडलं की ही म्हणायची, काका, घड खाली ठेवा आणि आधी भाव सांगा. तीच बसली होती माझ्यापुढं. मला वाटलं, त्या डॉक्टरणीला सांगावं, हिला हे कोणी शिकवलंय ते. पण बोलायची मनाई होती.

ऑपरेशनच्या सकाळी मी चष्मा पुसून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात चांगलं पेन लावलं. कागद येईल, माझ्यापुढं धरतील, म्हणून दाराजवळची खुर्ची पकडली. पुष्कळ वेळ झाला. नर्स आली, गेली. शेवटी मी जावयाला म्हणालो, "सहीचं विसरले का हे लोक? बिनासहीचं आत नेऊ नका म्हणावं."

"तिनं केली, मामा. काल संध्याकाळीच."

"तिनं कशी केली? ऑपरेशन तिचं हाय."

"म्हणूनच."

शेजारी बसलेली माझी बायको माझ्याकडं वळली. ती म्हणाली, "माझी पिशवी काढली तेव्हा मला घरी आल्यावर कळलं, की पिशवी काढली."

"तू विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"बाकावरून?"

मी पेन खिशातून काढून आतल्या बंडीच्या खिशात ठेवलं.

लेकीचं ऑपरेशन चांगलं झालं. हॉलंडला परतल्यावर तिथल्या डॉक्टरनं टाके बघितले, व्यायाम लावून दिला. मी वाट बघत होतो, हा आता म्हणेल, ज्यानं कापलं त्याच्याकडं जा. आपल्याकडं तसंच म्हणतात, दुसऱ्याच्या हातची केस कोणी घेत नाही. तो काही म्हणाला नाही. लेक म्हणाली, तसं म्हणता येत नाही त्याला. ऑपरेशन इथंच झालं असतं तर जसं बघितलं असतं तसंच बघावं लागतं. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती काठी न घेता माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आली. तिथं एका खोक्यात द्राक्षं होती. आपल्याकडची नव्हती. मी एक मणी चाखला आणि ठेवून दिला. पण लेक सरळ चालत होती, जराही कलत नव्हती, आणि तो पाय कुठं, कधी, कोणाच्या हातून नीट करायचा हे तिनं ठरवलं होतं. गावाकडं ज्याला त्याला मी हेच सांगितलं. सही कोणी केली, तेसुद्धा.

आता मी त्या बाकावरून का उठलो ते कळलं असेल.

पोराचा हात खांद्यावरून काढला आणि त्याच्या आधी केबिनमध्ये गेलो. टेबलाजवळच्या खुर्चीत बसलो. पोरगा मागून आला आणि म्हणाला, "सॉरी डॉक्टर, त्यांचा स्वभावच तसा आहे."

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "आजोबा, मुलाशी जरा वेगळं बोलायचं होतं."

"माझ्याच शरीराचं ना?"

"हो, पण तुम्ही उगाच घाबरून जाल."

"गारपिटीत उभी बाग आडवी झालेली बघितली हाय मी. घाबरायचं तर घाबरंन. पण ते मी घाबरंन, याला कशाला माझ्या वाटणीचं घाबरवता?"

डॉक्टरनं पोराकडं बघितलं, मग खुर्ची माझ्याकडं वळवली. उजव्या किडनीवर गाठ होती. किडनी काढावी लागेल. गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावर नक्की कळेल, पण लक्षणं बरी नव्हती. ऐकताना मी घाबरलो, ते काही लपवत नाही. मग मी विचारलं, नाय काढली तर? तुमच्या हातून अशा किती निघाल्या? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं तर तुम्हाला राग येईल का? शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, जरूर दाखवा.

खाली काउंटरवर मी सगळ्या कागदांची नक्कल मागितली. तिथली बाई म्हणाली, "फाईल हॉस्पिटलची असते, आजोबा."

"किडनी कोणाची हाय?"

पोरानं मोबाईलवर शोधलं आणि तिथंच उभ्याउभ्या मला वाचून दाखवलं. आपल्याकडंही पेशंटला कागदांची नक्कल मागायचा हक्क आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचाही आहे. हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि आपण विचारलं नव्हतं. बाईनं वर फोन केला, डॉक्टर हो म्हणाला, झेरॉक्स मिळाली. दुसऱ्या डॉक्टरला दाखवली. तोही तेच म्हणाला, काढा.

घरी आल्यावर बायको ओट्यावर बसली. चहा ठेवला नाही, काही नाही. म्हणाली, "आता मला सांगा. बाकावर मी होते." मी तिच्याजवळ बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, गाठ, किडनी, बरी नसलेली लक्षणं. बारीकसं हाय म्हणालो नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, तुम्ही काय ठरवलंय. मी म्हणालो, काढायची. ती म्हणाली, मग छाटणीच्या आत काढा, नाहीतर तुम्ही दवाखान्यातून पळून याल.

गाठ वाईटच निघाली, पण वेळेत निघाली. ऑक्टोबरच्या छाटणीला मी बागेत होतो, खुर्ची टाकून का होईना.

पण सहीचं सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागद आला होता. तिथल्या माणसानं तो सरळ पोराच्या हातात दिला. मी हात पुढं केला, चष्मा लावला आणि वेळ लागला तरी सगळा वाचला. खाली सही केली. पुढं तो रकाना होता, रुग्णाशी नातं. तिथं मी लिहिलं, मीच.

तो माणूस म्हणाला, "आजोबा, इथं नातं लिहायचं असतं."

"लिहिलंय की."

मग त्यानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं साक्षीदाराची सही लागत होती. मी पेन पोराकडं दिलं. त्यानं केली. सही काही माझ्याएवढी चांगली नाही, पण चालली.