माझ्या तोंडी दुसरीचा गळा

मालिकेतलं माझं पहिलं गाणं लागायचं होतं त्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. ऐंशीचं दशक सरत आलेलं. मजल्यावर रंगीत टीव्ही आमच्याकडेच, त्यामुळे शेजारची सगळी बिऱ्हाडं आलेली, शिवाय माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका. सासूबाईंनी परातभर चिवडा केला होता. नवरा गच्चीवर जाऊन अँटेना सरळ करून आला होता.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी संगीत नाटकांतून कामं करायचे. कल्याणला माझे गाण्याचे मास्तर राहायचे. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून त्यांच्याकडे शिकत होते. आवाज फेकायला त्यांनीच शिकवलं. "माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या कानात शब्द पडला पाहिजे," म्हणायचे. तो पडायचा. त्याच बळावर मला ही मालिका मिळाली, असं मी समजत होते. जुन्या नाटक कंपनीतल्या एका गायिकेची गोष्ट होती आणि ती गायिका मी होते. गाणं आधी स्टुडिओत माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित झालं. पेटीवर मास्तरच. मग सेटवर ती टेप लावून मी त्यावर ओठ हलवले. सगळं छान जुळलं होतं.

पडद्यावर मी आले. नऊवारी, नथ, मागं रंगवलेला पडदा. पेटीचे सूर ओळखीचे. मी तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच बाईचा आवाज आला.

मला वाटलं, टीव्हीच बिघडलाय. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो कौतुकानं पडद्याकडे बघत होता. आवाज बारीक, मऊ, फार गोड. शब्द तेच, तानही तीच, जिथं मी श्वास घेतला होता तिथंच ती श्वास घेत होती. पडद्यावरची मी डोळे मिटून समेवर मान टाकत होते आणि ती परकी बाई माझ्या मानेबरोबर अचूक समेवर येत होती. स्वतःचं तोंड इतकं अनोळखी मला कधी वाटलं नव्हतं.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. "काय गोड गायलीस गं!" शेजारीण म्हणाली. हिनं दरवर्षी गणपतीत मला गाताना ऐकलेलं. तिला काहीच वेगळं वाटलं नाही? कुणालाच वाटलं नाही. तोंड माझं हलत होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

सासूबाई तेवढ्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हा तुझा आवाज नव्हे."

मी नुसती मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं, "चिवडा घ्या हो सगळ्यांनी!"

पुढच्या शूटिंगला मी मेकअप न करताच दिग्दर्शकांसमोर उभी राहिले. ते अगदी सौजन्यानं बोलले, त्याचाच जास्त धक्का बसला.

"अहो बाई, कळवणारच होतो, गडबडीत राहून गेलं. तुमचा आवाज थिएटरचा आहे. घरातल्या टीव्हीवर तो अंगावर येतो. आणि रागावू नका, तो तुमच्या चेहऱ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा वाटतो."

"मला विचारायचं तरी."

"तुमच्या मास्तरांना विचारलं की! आमच्याकडे येऊन गेलेल्या मुलींतून त्यांनीच ही दुसरी निवडली. पेटीही तेच वाजवायला आले."

त्यानंतर ते काय बोलले ते मला आठवत नाही. शूटिंग मात्र मी केलं. दिवसभर संवाद म्हटले, एकही चुकला नाही. हे कसं झालं, याचं आजही नवल वाटतं.

तिथून सरळ कल्याणला गेले. मास्तर ओट्यावर बसून पेटीच्या भात्याला ठिगळ लावत होते. मला बघून त्यांनी काम थांबवलं नाही.

"मास्तर, तुम्ही वाजवलंत?"

"वाजवलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, हिचा आवाज माइकवर बसतो का. मी म्हटलं, नाही बसत. खोटं कशाला बोलू?"

"मग माझा आवाज असा कुणी केला?"

त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "मीच केला. नाटकासाठी केला. तेव्हा मला काय ठाऊक, लोक घरी बसून नाटक बघणार आहेत?"

मला वाटलं होतं, ते माझ्याविरुद्ध गेले. खरं तर ते स्वतःच्याच शिकवणीविरुद्ध बोलून आले होते. मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. त्यानंतर त्यांच्याकडे शिकायला गेले नाही.

खरा तडाखा पुढंच होता. आमच्या नाटकाचा कल्याणला प्रयोग लागला आणि मालिकेमुळे हाउसफुल्ल झाला. इतकी गर्दी आम्ही कधी पाहिली नव्हती. मी प्रवेश केला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मी पद सुरू केलं, नेहमीसारखा भरदार सूर लावला, आणि पहिल्या रांगांत कुजबुज सुरू झाली. ती मागं मागं सरकत गेली. तिसऱ्या ओळीला कुणीतरी ओरडलं, "टीव्हीचा आवाज लावा ना बाई!" हशा पिकला. मी गात राहिले. पेटीवाला घाबरून लय वाढवत होता, मी त्याला धरून ठेवत होते. आजवर ज्या जागेवर हमखास वन्समोअर मिळायचा, तिथं कुणीतरी खोकलं.

मध्यंतरात एक बाई मुद्दाम मेकअपच्या खोलीत आली. प्रेमानं माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, घसा बसलाय का हो? आल्याचा रस घेत जा. टीव्हीवर केवढा गोड होता!"

चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं. हिला काय देणार? मी म्हटलं, "घेते." तिनं दार लोटलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. मालिकेतली ती बाई मला गिळत चालली होती, आणि तिला तोंड माझंच होतं.

पुढच्याच रविवारी मी त्या गाणाऱ्या मुलीला शोधायला निघाले. मास्तरांकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीकडून पत्ता मिळाला, ठाण्याला कोपरी. भांडायचं होतं का? कदाचित. आत जाईपर्यंत माझं मलाच ठरत नव्हतं.

घर कोळ्यांचं. दारात एक थोराड बाई जाळं सोडवत बसलेली. तिनं मला बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! आमचे पोरीचा गला हिचेच तोंडान!"

आतून एक काळीसावळी, माझ्याहून लहान मुलगी बाहेर आली. मला बघून ती इतकी दचकली की तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"तुम्ही रागवायला आलात?" तिनं विचारलं. बोलण्यातही तोच मऊ आवाज.

"तुला काय सांगितलं होतं त्यांनी?"

"हिरॉइनला गाता येत नाही म्हणाले."

आता दचकायची पाळी माझी. मी तिथंच पाटावर बसले. मग तिनं सांगितलं, तीही याच भूमिकेसाठी गेली होती. तिचं गाणं ऐकून सगळे खूश झाले, मग तिला दिव्याखाली उभं केलं आणि नाही म्हणाले. काही दिवसांनी नुसत्या गाण्यासाठी बोलावलं. गाणं लागलं त्या संध्याकाळी तिच्या आईनं आख्खी आळी गोळा केली होती. शेवटी कलाकारांच्या नावांच्या पाट्यांत तिचं नाव आलंच नाही. "आवाज माझा हाय, सांगून सांगून थकले. कुणी इश्वास ठेवला नाय. तुमचं तोंड दिसत होतं ना."

"आमच्या घरचे तुझा आवाज माझा समजून टाळ्या वाजवत होते," मी म्हटलं. ती हसली नाही. म्हणाली, "एकदा गाऊन दाखवता?"

मी तेच पद गायले. त्या लहानशा घरात माझा आवाज मावेना, भांडी झणझणली. ती डोळे विस्फारून ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढा मोठा आवाज माझ्या छातीत नाय. पण ताई, माइकला माझाच बरा."

मला तेव्हाही वाईट वाटलंच. पण मास्तर आणि दिग्दर्शकांच्या तोंडून जे ऐकवत नव्हतं, ते तिच्याकडून ऐकता आलं. तिनं आधी मला ऐकलं होतं, म्हणून असेल.

पुढच्या शूटिंगला मी तिला बरोबर घेऊन गेले. दिग्दर्शकांना सांगितलं, पाट्यांत हिचं नाव येईपर्यंत मी ओठ हलवणार नाही. "अहो, मग लोकांना कळेल तुम्ही गात नाही!" ते म्हणाले. "मी गाते," मी म्हटलं, "इथं ही गाते." सेट लागलेला, माणसं खोळंबलेली. शेवटी हो म्हणाले.

तिचं नाव आलं तेव्हा आमच्या मजल्यावर काय झालं असेल याची कल्पना करता येईल. शाळेतल्या बाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जणू मीच त्यांना फसवलं होतं. सासूबाईंनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना एकेक करून समजावलं.

मालिका संपली. संगीत नाटकाचे प्रयोग कमी होत होत थांबले. पुढं घरोघरी नवनवीन चॅनल आले, मला आयांच्या, मग सासवांच्या भूमिका मिळत गेल्या, बऱ्याच मिळाल्या. गायला कुणी सांगितलं नाही. ती ठाण्यातच राहिली, रेडिओवर गायली, क्लास काढला. सणावारी मी तिच्याकडे जायचे.

पण तिचं नाव पहिल्यांदा आलं त्या संध्याकाळी मी घरी नव्हते, कोपरीला होते. पाट्या भराभर सरकत होत्या. "आलं, आलं!" पोरगी ओरडली. तिची आई पदर सावरून पुढं वाकली. "कुठं हाय गो? कंचं?" तिला वाचता येत नव्हतं. ती विचारेपर्यंत नाव निघून गेलं होतं, आणि बातम्या सुरू झाल्या होत्या.