पारायणाला बसलेला मालक

माझी भक्ती खोटी होती, असं मी आजही म्हणणार नाही. खोटी असती तर सोपं झालं असतं. टाकून दिली असती आणि मोकळा झालो असतो. ती खरी होती, आणि तरी तिच्यापायी एका माणसाचा हात गेला, हे माझ्या गळ्याखाली अजून उतरलेलं नाही. औंढ्याला नागनाथासमोर उभा राहिलो की आधी तेच आठवतं, मग हात जोडले जातात.

नव्वदच्या दशकात जवळा बाजारला माझी कापसातली सरकी काढायची जिनिंग मिल होती. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार रस्त्यापर्यंत लागायची. घर मिलच्या आवारातच होतं. वडिलांनी धंदा हाती देताना सांगितलं होतं, मालक तो वरचा, आपण नुसते मुनीम. ते मला इतकं आवडलं की येईल त्याला ऐकवायचो. हंगामात दर महिन्याला सात दिवस पोथीचं पारायण करायचो आणि बसण्याआधी फाटकाची, कपाटाची, जीपची, सगळ्या चाव्या देवाच्या पायाशी ठेवायचो. तुझं तू सांभाळ, म्हणायचो. मग दार लावून तीन तास कुणाला भेटायचं नाही. बाहेर माणसं कुजबुजत बोलायची. ‘सेठ पारायणाला बसलेत’ हे शब्द कानावर आले की, खरं सांगतो, ते मला पोथीपेक्षा गोड लागायचे.

थावरू मिस्त्री जवळच्या तांड्यावरचा. कुठला पट्टा ढिला पडलाय ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. यंत्राच्या फिरत्या रुळात कापूस अडकला तर यंत्र बंद न करताच तो ओढून काढायचा. मी ते रोज पाहत होतो, पण कधी बोललो नाही. यंत्र थांबत नाही, याचं मला कौतुकच होतं. आपल्यावर देवाचा हात आहे म्हणून सगळं सुरळीत चाललंय, अशी माझी समजूत होती.

पारायणाच्या पाचव्या दिवशी सकाळी त्याचा उजवा हात रुळात गेला. मला काही कळलं नाही. मी मोठ्यानं वाचत होतो. अध्याय संपवून, आरती करून, प्रसादाची वाटी घेऊन बाहेर आलो, तर ओट्यावर थावरू बसलेला. हाताला पंचा गुंडाळलेला आणि तो पंचा लालभडक. भोवती सगळी माणसं उभी. रांगेत बैलगाड्याच होत्या आणि एसटीला अवकाश होता. जीप समोर होती, ड्रायव्हरही होता. चावी मात्र आत, माझ्या देवापाशी. आम्ही जीप पळवत नांदेड गाठलं. थोडं आधी आणलं असतं तर पंजा वाचवता आला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याचं सगळं मी केलं. त्याला फाटकावर बसायचं काम देऊ केलं. आणि त्याच्या खाटेशेजारी उभा राहून म्हणालो, “थावरू, देवाची मर्जी.” त्यानं मान हलवली. तो परत मिलमध्ये आला नाही. मी मनाला समजावलं की मला कुणी हाक मारली नाही. मारली असती तर मी उठलो नसतो का? त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. पारायणंही चालू ठेवली. लाज वाटते सांगायला.

पुढं हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची गोष्ट. सोयाबीनच्या कामासाठी मी एकटाच गाडी घेऊन सेनगावहून साखऱ्याकडे निघालो होतो. वाटेत छाती आवळल्यासारखी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला. एका गावाच्या तोंडाशी कशीबशी गाडी थांबवली आणि दार उघडून खालीच बसलो. समोरच्या अंगणात नव्या काळी-पिवळी जीपची पूजा चालली होती. बॉनेटवर हार, पाटावर नवरा-बायको, पुढ्यात भटजी. नवऱ्याची नजर माझ्याकडे गेली आणि तो हातातली फुलं ताम्हणात टाकून उठला. भटजी म्हणाले, “अहो, संकल्प झालाय, मधूनच उठू नका.”

“तुमी बसा म्हाराज, चहा घ्या. मी आलोच,” एवढंच तो बोलला. नवरा-बायको दोघांनी मला उचलून त्याच नव्या जीपमध्ये आडवं केलं. हिंगोलीच्या वाटेवर मला राहवलं नाही. म्हणालो, “माझ्यापायी तुमची पूजा मोडली.”

“मोडते कशानं? देव घरीच हाय. अन् गाडी काहून घेतली मग? माणसं न्यायलाच ना! तुमी बोलू नका, तकलीफ होईल.”

मी वाचलो. बरा झाल्यावर त्याला भेटायला गेलो, तर तो फेरीवर होता. त्याच्या बायकोनं मला ओळखलंसुद्धा नाही. त्या माणसाच्या रूपानं कोण उठून आलं होतं, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की मी आयुष्यभर जे पोथीत शोधत होतो, ते तो जीप चालवता चालवता करत होता.

मग तांड्यावर गेलो. थावरू लिंबाखाली बसला होता, केस पांढरे झालेले. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि माफी मागितली. पण सवय वाईट. तोंडून जुनं वाक्य निघालंच. “मला कुणी हाक मारली असती, थावरू, तर मी उठलो असतो रे.”

“मारणार व्हते की, सेठ. ड्रायव्हर दारापस्तोर आल्ता. मीच न्हाई म्हणलो.”

“काहून?”

“सेठचं पारायण मोडलं तर मिल बसंल, असं वाटलं मला. तुमीच सांगायचे ना, समदं त्याच्यावरच चालतं म्हणून. इतक्या लोकांच्या पोटाचा सवाल. माझ्या एका हाताचं काय येवढं?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी स्वतःला देवाचा मुनीम म्हणवत होतो, आणि देवासाठी, मिलसाठी, माझ्यासाठी रक्त सांडत शांत बसला होता तो. समर्पण त्या आवारात एकच माणूस करत होता आणि तो दाराबाहेर होता.

आता पारायण करत नाही. थोडी पूजा करतो, दार उघडं ठेवून. माणसांना सांगून ठेवलंय, खुशाल हाक मारा. तरीही कुणी मारत नाही. कामाचं माणूस आलं तर हात जोडून उंबऱ्याबाहेर उभं राहतं, माझं आटपेपर्यंत. ही शिस्त मीच लावली आहे. म्हणून आरती अर्धी ठेवून मीच उठतो आणि बाहेर जाऊन विचारतो, काय झालं? इतकं शिकवायला त्या वरच्यानं मला जिवंत ठेवलं, याचे उपकार मानतो. थावरूपुढं मात्र उपकार हा शब्द तोंडातून निघत नाही.