न कापलेल्या कडा

आमच्या घराखालच्या गाळ्यात एक बाइंडर होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बायको लवकर गेलेली, घरात एकुलती एक मुलगी. गाळ्यात शिरलं की खळीचा वास यायचा. पुस्तक शिवून झालं की मशीनवर तिन्ही बाजूंनी कडा कापल्याशिवाय तो ते हातावेगळं करत नसे.

“ताई, कडा न कापलेलं पुस्तक म्हणजे न विंचरलेलं डोकं,” तो म्हणे.

“स्वतःच्या टकलावरून हात फिरवा आधी,” मुलगी आतून ओरडे.

तिला परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. इथल्या दोन वर्षांचे क्रेडिट तिकडे धरले, तर आणखी दोनच वर्षं शिकून ती परतणार होती. त्यासाठी अभ्यासक्रमाच्या पानापानावर तिने कॉलेजचा सही-शिक्का घेतला. बाइंडरचं हृदय तेव्हाच अधू झालं होतं. “दोन वर्षं ना? तेवढं हे इंजिन ओढेल,” छातीवर थाप मारून तो म्हणाला.

मुलगी व्हिसाच्या धावपळीत असताना त्याने त्या सुट्या पानांचं पुस्तक बांधलं. निळं कापड, वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव.

“बाबा, नवरी सजवलीत की काय!” ती म्हणाली आणि न उघडताच ते बॅगेत ठेवलं.

तिकडे पोचल्यावर तिचा मला फोन आला. हुंदक्यांत शब्द कळेनात. सही-शिक्के पानांच्या अगदी कडेला होते. कापताना ते अर्धे गेले होते. कॉलेजने पानं नाकारली, आणि नवी मागवेपर्यंत मुदत टळणार होती. म्हणजे पुन्हा पहिलं वर्ष, पुरी चार वर्षं.

“आजी, बाबांना कळू देऊ नका. माझी शपथ आहे.”

बाबांना तिने सांगितलं, तिकडचे नियमच वेगळे आहेत, चार वर्षं लागतील. “असतील हो,” तो म्हणाला. संध्याकाळी मी खाली गेले, तर तो कातरणाचं पोतं जमिनीवर ओतून बसला होता. मला वाटलं, साफसफाई काढली आहे.

पुढे त्याचं काम कमी होत गेलं. दोन जिने चढून वर येणंही जमेना. तिसऱ्या वर्षी मी माझ्या रोजनिशीची सुटी पानं त्याच्याकडे बांधायला दिली. परत आली ती खालीवर कडांची.

“अरे, हे डोकं विंचरायचं राहिलं की!”

तो हसला नाही. कडेवरून बोट फिरवत राहिला. “राहू दे, ताई. कडेला काय असतं, ते आधी बघायला हवं होतं.” मग हळूच म्हणाला, “मला कळलंय, हे पोरीला सांगू नका. उगाच जीव खाईल स्वतःचा.”

त्यानंतर महिनाभरात तो गेला. मुलगी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझ्या टेबलावरची ती रोजनिशी तिने उचलली, कडांवरून हात फिरवला.

“आजी, बाबांनी या कापल्या का नाहीत?”

मी दोघांनाही शब्द दिला होता.

“मशीन बिघडलं होतं गं,” मी म्हणाले.