ईस्ट कॅन्फील्डची अंकलिपी

ईस्ट कॅन्फील्डमध्ये दाढ ठणकायला लागली की लोक आधी माळ्यावर चढत आणि मग दवाखान्यात जात. फेरिस वॅडली हा गावचा एकुलता एक दंतवैद्य, आणि जुन्या पुस्तकाच्या बदल्यात तो दाढ फुकट काढतो हे अर्ध्या व्हरमाँट राज्याला ठाऊक होतं. अर्थात कुठलंही पुस्तक चालत नसे. ते अमेरिकेतच छापलेलं हवं, आणि अठराशे सालाच्या आधीचं हवं. लंडनहून आलेल्या सोनेरी पाठीच्या ग्रंथाकडे तो ढुंकूनही बघत नसे. पण इथल्याच रानात, छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांनी, चिंध्यांच्या कागदावर कुणीतरी कुडकुडत छापलेलं वाकडंतिकडं प्रवचन हाती लागलं की स्वारी दोन दिवस हवेत.

"लोकांचे नवरे दारू पितात," त्याची बायको युनिस म्हणे, "निदान संपली की बाटली फेकता तरी येते."

त्यातही त्याचं खरं वेड म्हणजे इलायफलेट ग्रोव्हर. गावचा पहिला आणि शेवटचा छापखानेवाला. सतराशे नव्वदच्या सुमारास कुठून तरी जुनं छपाईयंत्र बैलांच्या घसरगाडीवर घालून आला, दीडेक वर्ष टिकला आणि एका वसंतात गाशा गुंडाळून पश्चिमेकडे निघून गेला. त्याने छापलेलं सगळं फेरिसने जमवलं होतं. दोन प्रवचनं, एक पंचांग, हरवलेल्या घोडीची जाहिरात, फाशी गेलेल्या कुणाचं तरी कवन. राहिली होती ती फक्त मुलांची अंकलिपी. ग्रोव्हरने ती छापली होती एवढं नक्की, कारण पंचांगाच्या शेवटच्या पानावर त्यानेच तिची टिमकी वाजवली होती. पण तिची प्रत कुणाच्याच पाहण्यात नव्हती. मोठ्यांची प्रवचनं कुणी उघडत नाही म्हणून टिकतात. पोरांची पुस्तकं पोरं वाचून, चावून, गिळून संपवतात. फेरिस तीस वर्षं त्या अंकलिपीच्या मागे हात धुऊन लागला होता.

एकदा थर्झा कोलबर्न कवळी बसवायला आली. वय नव्वदीला टेकलेलं, एकटी राहणारी, साऱ्या गावाची मावशी. फेरिसने साच्यासाठी तिच्या तोंडात प्लास्टर भरलं आणि नेहमीप्रमाणे ग्रोव्हरपुराण सुरू केलं. ज्याला उलट बोलता येत नाही असा श्रोता दंतवैद्यालाच मिळतो, आणि फेरिस त्याचा पुरेपूर फायदा घेई. अंकलिपीचा विषय निघाला तशी म्हातारी हात हलवायला लागली. फेरिसला वाटलं, गुदमरली. त्याने घाईघाईने साचा उपसला.

"अरे, आहे ती माझ्याकडे!" ओठांवरचं प्लास्टर पुसत म्हातारी म्हणाली. "भुसा भरल्यासारखं माझं तोंड बंद करून मघापासून काय रडगाणं गातोयस?"

फेरिस शेजारच्या स्टुलावर बसला.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या स्वयंपाकघरात त्याने ती पाहिली. तळहाताएवढी, जाड दोऱ्याने पुन्हा पुन्हा शिवलेली. आत व्हेल माशाचं चित्र होतं, ते उकडलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. मावशी मागेल ते द्यायला फेरिस तयार होता. कवळी तर फुकट दिलीच असती, शिवाय घराचं छप्पर शाकारून दिलं असतं.

"विकायची नाही," मावशी म्हणाली. "आमच्या घरात जो हिच्यातून वाचायला शिकतो, त्याची ही. मग तो पुढच्याला शिकवतो आणि देऊन टाकतो. माझ्यानंतर माझा भाऊ इफ्रेम होता. अर्ध्यावर आला आणि घटसर्पात गेला. तेव्हापासून माझ्याकडेच अडकलीय."

"मग मला द्या ना, मावशी. जिवापाड जपेन."

"तुला वाचता येतं. तुला कशाला? कपाटात लोणचं ठेवतात, डॉक्टर. असा कुणी आण ज्याला वाचता येत नाही. इथे, माझ्यासमोर वाचून दाखवायचं, की पुस्तक त्याचं. पुढे त्याने त्याचं काय करायचं ते त्याचा तो बघेल."

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी डॉक्टरचीच गत झाली. शनिवारच्या लिलावात तो ओरिन टटलपुढे हेच उगाळत बसला. ओरिन तालुक्यातला नावाजलेला लिलाववाला. तोंड म्हणजे पाणचक्की, आणि स्मरण असं की दोनशे वस्तू एकदा पाहून ओळीने सांगे, कागद कधी हातात धरत नसे. लोक त्या स्मरणाचं कौतुक करत.

"या गावात एवढा मोठा होऊन वाचता न येणारा गाढव मी आणू कुठून?" फेरिस करवादला.

ओरिन सफरचंदाची पेस्ट्री खात होता, तो थांबला. पेस्ट्रीचा तुकडा तसाच हातात धरून तो फेरिसला धान्याच्या कोठाराच्या मागे घेऊन गेला.

"गाढव तुझ्यासमोर उभा आहे," तो म्हणाला. "नवव्या वर्षी लाकूडतोड्यांच्या तळावर गेलो रे. तिथे शाळा नव्हती. आणि हसलास तर तुझेच दात तुझ्या हातात देईन."

फेरिसला हसू आलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता त्याच्या डोक्यात लख्ख उजेडही पडला. तो काही साधुसंत नव्हता. "मी शिकवतो," तो म्हणाला. "आणि पुस्तक तुला मिळालं की मला द्यायचं." ओरिनने हात पुढे केला आणि सौदा पक्का झाला.

धडे दवाखान्यात व्हायचे. ओरिन रुग्णाच्या खुर्चीत, डोक्यावर मोठा दिवा, शेजारी फेरिस. आतून ओरिनचं कण्हणं ऐकू येई आणि बाहेर बाकावरची मंडळी एकमेकांना विचारत, "टटलच्या तोंडात दात आहेत तरी किती?"

फेरिसचा मात्र जीव टांगणीला. मावशीने अट घातली होती की शिकायचं ते याच पुस्तकातून, म्हणून तिने ते तेवढ्यापुरतं दिलं होतं, आणि ओरिन ते सरावासाठी रोज घरी नेई, कोटाच्या खिशात, तंबाखू आणि पक्कडीच्या शेजारी. त्याचा जाडजूड अंगठा पानावर टेकला की फेरिस तो अलगद उचलून बाजूला ठेवी. एका पानाचा खालचा कोपरा इफ्रेमने लहानपणी चावून खाल्ला होता. तिथे कुठले शब्द असतील ते फेरिसने विचार करकरून जुळवले होते आणि ओरिनला तोंडी सांगितले होते. हिवाळाभर हे असंच चाललं. ओरिन आधी अडखळे, शिव्या घाली, मग अचानक सुधारला. फेरिस स्वतःवरच खूश झाला. युनिसला म्हणाला, "मी मास्तरच व्हायला हवं होतं."

"हो, म्हणजे पोरांचे दात तरी वाचले असते," युनिस म्हणाली.

मार्चमध्ये, मेपलचा पाक आटवायच्या दिवसांत, परीक्षा ठरली. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मावशीने परातीतल्या बर्फावर गरम पाक ओतला होता, बरोबर आंबट काकड्या आणि डोनट. ओरिनने दाढी केली होती आणि टाय बांधला होता. त्याने पुस्तक उघडलं आणि धडाधड सुरू केलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. लिलावातल्यासारखा आवाज लागला. फेरिस पाठीमागे उभा राहून पानं बघत होता. आता हातातोंडाशी घास आला होता.

मग खाल्लेल्या कोपऱ्याचं पान आलं, आणि ओरिनने त्याच झपाट्यात तेही म्हणून टाकलं. जे शब्द कागदावर नव्हतेच, तेही.

फेरिसला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हा वाचत नव्हता, पाठ म्हणत होता! मावशी डोळे मिटून ऐकत होती. गप्प राहायचं फक्त, आणखी चार पानं, की अंकलिपी आपली. तीस वर्षं. पण त्याला राग आला होता, आणि त्याहून जास्त दुःख झालं होतं. हा बाबा उद्यापासून पुन्हा तोंडाच्या जोरावर जगणार, औषधाची बाटली वास घेऊन ओळखणार, आणि आपण कपाटाला कुलूप लावून समाधानाने बसणार.

"ओरिन," तो म्हणाला, "तिथे कागदच नाहीये."

ओरिनचे कान लालबुंद झाले. तो ताडकन उठला. फेरिसला वाटलं, आता हाणतो. पण तो दाराकडे गेला. तिथे कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं उभं होतं, कालच दुकानातून आलेलं. त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याने छापील अक्षरांवर बोट ठेवलं.

"अं-डी… दे-णा-ऱ्या… कों-ब-ड्यां-सा-ठी." कपाळावर घाम. "को-र-ड्या… जा-गी… ठे… ठे-वा-वे."

मग तो वळला. "येतं मला! हळू येतं. सगळ्या गावाचा लिलाव करणारा माणूस मी, मावशीपुढे पोरासारखं ठेचकाळत वाचायची लाज वाटली. म्हणून पाठ केलं."

"मेल्या, हळूच वाचायचं असतं," मावशी म्हणाली. ती पोत्याजवळ आली आणि त्याच्या हातातलं पुस्तक त्याच्याच खिशात तिने कोंबलं. "इफ्रेमही असाच घाई करायचा." आणि तोंड फिरवून ती परातीतला पाक उगाचच हलवत राहिली.

परत निघायला दोघं ओरिनच्या ट्रकमध्ये बसले. इंजिन सुरू झालं नव्हतं. ओरिनने आधी अंकलिपी काढून फेरिसच्या मांडीवर ठेवली.

"घे. ठरलं होतं."

फेरिसने ती हातात घेतली. काय हलकी होती!

"ठरलं तेव्हा तुला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "आता ही तुझी आहे. मूर्खासारखा देऊ नकोस." आणि पुस्तक परत देताना त्याला भयंकर वाईट वाटलं, ते काही त्याने लपवलं नाही. "मला फक्त पहिलं पान वाचून दाखव."

ओरिनने पान उघडलं. बोट ओळीवर ठेवलं आणि एकेक शब्द खोदून काढावा तसा काढत निघाला. कधी छापलं, कुठल्या गावात, मुलांच्या कुठल्या भल्यासाठी. शेवटच्या ओळीवर तो अडला. "इ… इ-ला…" बोट मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. छापखानेवाल्याचं ते नाव फेरिसला झोपेतही म्हणता आलं असतं. त्याने ओठ घट्ट मिटले, समोरच्या काचेकडे बघितलं आणि तो वाट पाहत राहिला.